पवळाबाई हिवरगांवकरीण

शाहीर पठ्ठे बापूराव हें नांव ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. तमाशाचा विषय निघतांच नाक मुरडणारे वृद्ध गृहस्थदेखील बापूरावांच्या कवित्वाविषयीं दोन शब्द आदराचे बोलतात, आणि आमच्यासारख्या ब्राह्मण कुटुंबांतून तर "ते मूळचे कुळकर्णी बरें का!" असें सांगतांना बोलणाऱ्याच्या स्वरांत थोडा अभिमान व थोडी हळहळ एकदमच उमटते. परंतु ज्या कंठानें बापूरावांचें कवित्व गांवोगांव पोंचविलें, त्या कंठाच्या धनिणीचें नांव किती घरांतून निघतें? आणि निघालेंच तर तें नुसतें 'पवळा' असें, एकेरी निघतें. बापूराव 'ते' असतात; पवळा 'ती' असते. आम्ही या लेखांत त्यांस पवळाबाई म्हणणार आहों, व त्यांजविषयींच कांहीं सांगणार आहों.

कवि आणि गायक यांच्या जोडींत कवीचा शब्द कागदावर उरतो व गायकाचा स्वर हवेंत विरतो, हा सृष्टीचाच नियम आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें पुरतेपणीं पटत नाहीं. शब्द कागदावर आपोआप उरत नसतो. कोणीतरी तो उतरून ठेवण्याजोगा मानतो म्हणून उरतो. आमच्या घराण्यांत कित्येक पिढ्या दप्तर सांभाळण्याचा धंदा चालला, त्यामुळें ही गोष्ट आम्हांस चांगली परिचयाची आहे. शेताची बांधबंदिस्ती असो, आंब्याच्या झाडाचा वांटा असो, कीं विहिरीच्या पाण्याची पाळी असो. ज्याची नोंद झाली तें खरें, ज्याची झाली नाहीं तें जणूं नव्हतेंच, असा दप्तराचा न्याय असतो. कलेच्या दप्तरांतहि हाच न्याय चालतो काय, हा प्रश्न पवळाबाईंच्या निमित्तानें मनांत उभा राहतो.

आमचें घर जळकोटचें. आज तें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. आमच्या आजोबांच्या काळीं तो सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. येथून नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव फार दूर नाहीं. तेथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, घोंगड्या विकणारे, वाघ्यामुरळींचे मेळे, आणि रात्र पडली म्हणजे तमाशाचे फड, असा तिचा थाट. खंडोबा हें आमचें कुलदैवत. त्यामुळें घरांतील वडील मंडळी गाडी जुंपून यात्रेस जात, व आम्हां मुलांनाहि बरोबर नेत. परंतु आमच्या आजीचा त्या यात्रेशीं संबंध देवळापुरता. तळी भरावी, भंडारा व खोबरें उधळावें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं बायकामुलांनीं उतरण्याच्या जागीं परत यावें, अशी घरची शिस्त होती. पुढें मध्यरात्रीपर्यंत दूरच्या कनातीकडून ढोलकीची थाप व हलगीचा कडकडाट ऐकूं येत असे, आणि एखाद्या स्त्रीचा उंच स्वर वाऱ्याबरोबर येऊन पुन्हां नाहींसा होत असे.

एका यात्रेच्या रात्रीं आमचे चुलतआजोबा बापूरावांच्या गोष्टी सांगत बसले होते. तरुणपणीं पुण्यास शिकावयास असतांना त्यांनीं तमाशा चोरून पाहिला होता, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें व त्याविषयीं कोणी बोलत नसे. बापूरावांनीं वतन कसें सोडलें, सोवळें कसें सोडलें, हें सारें त्यांनीं रंगवून सांगितलें आणि शेवटीं म्हणाले, "काय ही प्रतिभा! काय हा त्याग!" आजी इतका वेळ मुकाट्यानें मुलांवर घोंगड्या घालीत होती. ती म्हणाली, "भावजी, शब्द त्यांचे खरेच, पण गळा कोणाचा होता हो?" चुलतआजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पवळा म्हणून बाई होती एक." त्याउपर त्या रात्रीं विषय वाढला नाहीं. जिनें जन्मांत तमाशा पाहिला नव्हता, त्या बाईला जो प्रश्न सुचला तो तमाशा पाहून आलेल्यांस सुचला नव्हता, एवढें मात्र आमच्या ध्यानांत राहिलें.

पवळाबाईंचा जन्म १८७० सालचा. संगमनेरजवळील हिवरगांव पावसा हें त्यांचें गांव. वडिलांचें नांव ताबाजी भालेराव, जात महार. मुलगी लहान असतांनाच तिला खंडोबाला वाहिलें. देवाशीं लग्न लागलेली अशी मुलगी म्हणजे मुरळी. तिनें जन्मभर देवाचीं पदें गावींत, घोळ वाजवावी, भंडाऱ्याची कोटंबी पुढें करावी आणि मनुष्याशीं संसार करूं नये, अशी रूढि होती. नवसाला मूल झालें तर पहिलें देवास द्यावयाचें, घरावरचें संकट टळलें तर मुलगी देवास सोडावयाची, अशीं या दानाचीं कारणें असत. आणि त्या सर्वांच्या मुळाशीं बहुधा दारिद्र्य असे. येथें आम्हांस आमचें माळेगांवचें देऊळ आठवल्यावांचून राहत नाहीं. ज्या देवापुढें आम्हीं खोबऱ्याच्या वाट्या ठेवल्या, त्याच देवापुढें दुसऱ्या कोणी पोटच्या मुली ठेवल्या. देव एक, भंडारा एक. परंतु नवस फेडण्याचें मोल ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणें व परिस्थितीप्रमाणें निरनिराळें ठरलें.

मुरळीच्या आयुष्यांत शिक्षणाचा म्हणून जो काय भाग होता तो गाण्याचा होता. जागरणाच्या रात्रीं उजाडेपर्यंत गावयाचें, उघड्या माळावर शेंकडों लोकांस ऐकूं जाईल असा आवाज लावावयाचा, टाळी व घोळ यांच्या तालांत पाऊल सोडावयाचें नाहीं. ही तालीम लहानपणापासून होई. संगीतशाळेंत जें शिकण्यास पैसा व सवड लागते, तें या मुलींना सक्तीनें शिकावें लागे. गळा तयार होई, आणि तो तयार होण्याची किंमतहि त्याच देत.

पवळाबाईंच्या पुढील कर्तृत्वाचें मोल कळण्यास त्या काळचा तमाशा कसा होता हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ढोलकी, हलगी, तुणतुणें व झांज हीं त्याचीं वाद्यें. आरंभीं गण, म्हणजे गणेशाचें स्तवन. मग गौळण, तींत कृष्ण, पेंद्या आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. नंतर लावण्या, सवालजबाब, सोंगाड्याची बतावणी, आणि शेवटीं वग, म्हणजे पहाटेपर्यंत चालणारें कथानक. यांत गवळण होती, राणी होती, नायिका होती. परंतु स्त्री नव्हती. लुगडें नेसलेला नाच्या पोऱ्या तीं सर्व कामें करी. बायका लावणी गात त्या बैठकींत, निवडक रसिकांपुढें. चारचौघांच्या उघड्या फडांत ढोलकीपुढें स्त्री उभी राहत नसे. ढोलकीच्या तमाशांत उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचा मान सांगितला जातो. एकदां त्या उभ्या राहिल्या, आणि पुढें नाच्या पोऱ्याचें युगच मावळलें. आज लावणी म्हटली कीं डोळ्यांपुढें स्त्रीच उभी राहते. तिच्याशिवाय त्या कलेची कल्पनाहि करवत नाहीं. एखाद्या कलेचें रूप इतकें पालटून टाकणाऱ्या व्यक्तीस इतर देशांत काय म्हणत असतील तें असो. आपल्याकडे तिला पठ्ठे बापूरावांची पवळा म्हणतात.

बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, गांव रेठरें हरणाक्ष. तें त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें, आज सांगली जिल्ह्यांत आहे. घरीं कुळकर्णाचें वतन. लहानपणापासून त्यांस कवित्वाची ओढ होती, आणि ती ओढ त्यांस ब्राह्मणआळींतून तमाशाच्या फडाकडे घेऊन गेली. आपण सोवळ्याचा त्याग केला हें त्यांनीं स्वतःच एका लावणींत सांगितलें आहे, आणि आपल्या लावण्यांची संख्या दोन लक्ष असल्याचेंहि अभिमानानें म्हटलें आहे. गांवानें व जातीनें त्यांस दूर केलें. पुढें पवळाबाई व ते यांचा एक फड झाला आणि ते त्यांच्याच सोबत राहूं लागले. कवीस गळा मिळाला व गळ्यास कवि मिळाला. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून येऊन राहिलेल्या कामकऱ्यांनीं या फडास जो आश्रय दिला, त्यामुळें त्याची कीर्ति गांवोगांव पसरली. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांपुढें राजवाड्यांत बापूरावांच्या फडानें 'मिठाराणी'चा वग सादर केला. माळावरच्या कनातींतून निघालेली कला राजवाड्याच्या दिवाणखान्यांत पोंचली.

त्याच काळांत आमच्या पांढरपेशा वर्गाची रसिकता कोठें गुंतली होती हें पाहणें बोधप्रद आहे. १९०५ सालीं बालगंधर्व किर्लोस्कर मंडळींत आले आणि पुढील पंचवीस वर्षें त्यांनीं महाराष्ट्रास वेड लाविलें. पुरुषानें केलेल्या स्त्रीवेषावर आमच्या आज्या-पणज्या इतक्या लुब्ध झाल्या कीं लुगडें कसें नेसावें, गजरा कसा माळावा, हेंहि त्या त्यांजकडून शिकल्या. बालगंधर्वांची योग्यता थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं: रंगभूमीवर स्त्री होऊन गाणाऱ्या पुरुषास आम्हीं गंधर्व म्हटलें, आणि त्याच काळांत रंगभूमीवर स्त्री म्हणूनच गाणाऱ्या बाईचें नांव घरांत काढण्याची आम्हांस लाज वाटली. गाण्याच्या गुणावरून हा भेद झाला नाहीं. गाणारा कोण, कोणत्या घरचा, आणि कोणत्या ठिकाणीं गातो, यावरून तो झाला.

आतां त्यागाविषयीं. बापूरावांचा त्याग खरा होता, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. वतन, जात, घर, मान हें सारें सोडणें सोपें नाहीं. परंतु त्याग करावयास आधीं कांहीं तरी जवळ असावें लागतें. ज्याच्यापाशीं सोवळें होतें त्यानें तें सोडलें, म्हणून त्याची नोंद झाली. जिच्यापाशीं सोवळें नव्हतेंच, तिनें काय दिलें याचा हिशेब कोणीं ठेवावा? पवळाबाईंनीं बालपण दिलें, तें त्यांस न विचारतां घेतलें गेलें. संसाराचा हक्क दिला, तोहि घेतला गेला. मग कला दिली, कंठ दिला, तारुण्य दिलें, आणि गांवोगांवच्या प्रेक्षकांच्या नजरा झेलल्या. एकानें आपखुषीनें सोडलें त्यास आम्ही त्याग म्हणतों; दुसरीकडून काढून घेतलें त्यास आमच्या भाषेंत शब्दच नाहीं. बापूरावांच्या कथेंत पवळाबाई येतात त्या बहुधा मोहिनी म्हणून, ब्राह्मणपुत्रास वाटेवरून ओढून नेणारी स्त्री म्हणून. परंतु बापूराव तमाशाकडे गेले ते कवित्वाच्या ओढीनें. आणि ज्या वाटेवर ते स्वेच्छेनें आले, त्या वाटेवर पवळाबाईंस लहानपणींच उभें केलें गेलें होतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग पवळाबाईंचा गौरव करावा, पुतळा उभारावा, म्हणजे झालें. गोष्ट इतकी सोपी नाहीं, आणि ती तशी नाहीं हें प्रथम ओळखलें तें त्यांच्याच समाजांतील विचारी माणसांनीं. ज्या सुमारास कोल्हापूरच्या राजवाड्यांत वग रंगत होता, त्याच सुमारास पुण्यास शिवराम जानबा कांबळे हे आपल्या 'सोमवंशीय मित्र' पत्रांतून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहीत होते, आणि मुरळींनीं विवाह करून संसार थाटावा म्हणून खटपट करीत होते. ज्या चालीनें पवळाबाई घडल्या, ती चाल मोडावी यासाठीं हे लोक झटत होते. पुढें १९२७ सालीं महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची एक आठवण सांगतात. बापूरावांनीं आपल्या तमाशाच्या उत्पन्नांतून सत्याग्रहास देणगी देऊं केली, आणि डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली; महार स्त्रियांस नाचवून मिळविलेला पैसा आपणांस नको, असा त्यांचा अभिप्राय होता.

ही आठवण वाचून कलेवर प्रेम करणाऱ्या माणसाचें मन प्रथम दुखावतें. परंतु थोडा विचार करितां त्या नकारामागील व्यथा उमगते. ज्या समाजाच्या मुली पिढ्यान् पिढ्या देवाच्या नांवानें इतरांच्या करमणुकीसाठीं सोडल्या गेल्या, त्या समाजाच्या पुढाऱ्यानें तो पैसा स्वीकारला असता, तर त्या चालीसच मान्यता दिल्यासारखें झालें असतें. त्याच वेळीं हेंहि खरें कीं, त्या पैशांत ज्यांचा घाम होता त्या स्त्रियांस कोणीं विचारलें नाहीं. देणारे बापूराव, नाकारणारे बाबासाहेब. दोघांच्या मध्यें ज्यांच्या श्रमाचें तें द्रव्य, त्या मुक्या. पवळाबाईंच्या आयुष्याची अवघड जागा ती हीच. त्यांची कला थोर होती आणि ती अन्यायाच्या पोटीं जन्मली होती. कलेचें कौतुक करतांना अन्याय विसरावयाचा नाहीं, आणि अन्यायाची लाज वाटली म्हणून कलावंतिणीस विसरावयाचें नाहीं. या दोन्ही गोष्टी एकदम सांभाळण्याचें काम आमच्या पिढीवर येऊन पडलें आहे.

असें कोडें केवळ आपल्याच देशांत पडलें असें नाहीं. पवळाबाईंच्या हयातींतच सात समुद्रांपलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण भागांत, कृष्णवर्णीय लोकांच्या दुःखांतून एक गाणें जन्मास आलें. त्यास 'ब्लूज' म्हणतात. गुलामगिरी कायद्यानें संपली होती, परंतु हालअपेष्टा संपल्या नव्हत्या. शेतावरचे कष्ट, घरादाराची ताटातूट, प्रियकराची फसवणूक, हे त्या गाण्याचे विषय. तें गाणें गांवोगांव नेणाऱ्या स्त्रियांत मा रेनी नांवाची एक बाई प्रमुख होती. जॉर्जिया प्रांतांतील कोलंबस गांवची ही बाई तंबूच्या खेळांतून गात हिंडे. आपल्याकडील कनातीचा फड डोळ्यांपुढें आणावा म्हणजे त्या खेळांची कल्पना येईल. १९२० सालीं मेमी स्मिथ या गायिकेची तबकडी निघाली व ती अफाट खपली. तेव्हां तबकड्या काढणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांस समजलें कीं कृष्णवर्णीय स्त्रीचा स्वरहि विकला जातो. पुढें १९२३ ते १९२८ या पांच वर्षांत मा रेनीच्या सुमारें शंभर गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. तिला 'ब्लूजची माता' म्हणत. परंतु लोकांची आवड पालटली, तंबूचे खेळ बसले, आणि १९३५ च्या सुमारास ती आपल्या गांवीं परतली. १९३९ च्या डिसेंबरांत ती वारली, तेव्हां मृत्यूच्या दाखल्यांत तिचा व्यवसाय 'घरकाम' असा लिहिला गेला. हजारोंच्या समुदायास रडविणारी व हंसविणारी ती बाई सरकारी दप्तरांत घरकाम करणारी ठरली!

त्याच १९३९ सालीं पवळाबाईहि निवर्तल्या. दोघींचें आयुष्य एकाच वर्षीं संपलें, हा केवळ योगायोग आहे; परंतु त्यांच्या मरणानंतर जें घडलें त्यांत योगायोग नाहीं. मा रेनीचा स्वर तबकड्यांत बंदिस्त झाला होता. तो पुढच्या पिढ्यांनीं ऐकला, संशोधकांनीं जपला. १९८० नंतर ऑगस्ट विल्सन या कृष्णवर्णीय नाटककारानें तिजवर नाटक लिहिलें, १९९४ सालीं अमेरिकन सरकारनें तिच्या नांवें टपालाचें तिकीट काढलें, आणि २०२० सालीं त्या नाटकावर चित्रपटहि निघाला. तिच्या समाजानें, आणि मागाहून तिच्या देशानें, चुकलेली नोंद दुरुस्त केली. आमच्याकडे काय झालें? पवळाबाई व बापूराव पुढें वेगळे झाले, आणि फडास उतरती कळा लागली. उतारवयांत बापूरावांस फार हलाखीचे दिवस आले व २२ डिसेंबर १९४५ रोजीं ते पुण्यास वारले. त्यानंतर त्यांच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले, १९५० सालीं त्यांच्या नांवाचा बोलपट निघाला. उपेक्षा त्यांच्याहि वांट्यास आली. परंतु ती मरणापुढें टिकली नाहीं. पवळाबाईंची टिकली.

मध्यंतरीं तमाशाच्याच जिवावर बेतलें होतें. स्वातंत्र्यानंतर लागलीच मुंबई सरकारनें अश्लीलतेच्या कारणावरून तमाशास बंदी केली; मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली आणि तमाशा 'सुधारून' पुन्हां सुरू झाला. सुधारणा म्हणजे काय, शुद्ध काय व अशुद्ध काय, हें ठरविण्याचा अधिकार याहि वेळीं सुशिक्षितांकडेच होता. पवळाबाईंनीं उघडलेल्या वाटेनें पुढें कितीतरी स्त्रिया आल्या. त्यांत विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांचें नांव अग्रगण्य. त्यांनीं राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला, आणि २००२ सालीं त्या आर्थिक विवंचनेंतच गेल्या. आतां राज्य सरकार त्यांच्या नांवें तमाशा कलावंतांस जीवनगौरव पुरस्कार देतें. हयातींत भाकरीची भ्रांत आणि मरणानंतर पुरस्काराचें नांव, ही रीति आपल्या अंगवळणी पडली आहे.

अलीकडे मात्र नोंद दुरुस्त होऊं लागली आहे, हें सांगण्यास आनंद वाटतो. दलित स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक शैलजा पाईक यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या तमाशावरील इंग्रजी ग्रंथांत पवळाबाईंच्या जीवनाचा विस्तारानें विचार केला आहे. बापूरावांच्या चरित्रांतील एक प्रकरण म्हणून त्या तेथें येत नाहींत. स्वतःच्या आयुष्याच्या धनीण म्हणून येतात. महाराष्ट्रांत वाढलेल्या व पुढें अमेरिकेंत अध्यापन करणाऱ्या एका दलित विदुषीनें हें काम केलें, याचा अर्थ वाचकांनीं आपल्याशींच लावावा. ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या लेखणी होती, त्यांच्या हातून तें झालें नाहीं.

माळेगांवची यात्रा आजहि भरते. तेथें आतां जिल्हा परिषदेच्या वतीनें लावणी महोत्सव होतो. मंडप असतो, दिवे असतात, पाहुण्यांचीं भाषणें होतात. आज आमच्या घरांतील सुनालेकी दूरदर्शनसंचावर लावणी उघडपणें पाहतात, शाळेच्या संमेलनांत नाती लावणीवर नाचतात आणि त्यांस बक्षिसेंहि मिळतात. काळाचा हा पालट स्वागतार्ह आहे. परंतु जी कला आतां घरांत आली, ती कोणाच्या पायांनीं चालत आली हें घरांत सांगितलें जात नाहीं. नऊवारी, नथ, घुंगरूं हें सारें उचललें गेलें. नांव तेवढें दाराबाहेर राहिलें.

वाचक भगिनींस आमची विनंति फार मोठी नाहीं. मुलांस बापूरावांची गोष्ट सांगावी, अवश्य सांगावी. कुळकर्ण्याच्या घरचा मुलगा जातीचा पाश तोडून गेला ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे. परंतु ती सांगतांना संगमनेरजवळचें हिवरगांवहि सांगावें, ताबाजी भालेरावांची मुलगी सांगावी, तिला देवास कां वाहिलें तें सांगावें, आणि नाच्या पोऱ्याच्या जागीं उभें राहून तिनें एका कलेचें रूप कसें पालटून टाकलें तेंहि सांगावें. मुलें विचारतील, अशी चाल कां होती? उत्तर देणें जड जाईल. तें टाळूं नये. ज्या घरांत जड प्रश्नांचीं उत्तरें मुलांस मिळतात, त्या घरांतील दप्तर खरें असतें, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.